एक हात, एक लाथ

देवाने माणसाला पाय दिले ते घाईत, नीट विचार न करता, असं ठामपणे मानणारा वर्धा जिल्ह्यात एकच माणूस आहे आणि तो माझा चुलत सासरा आहे. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते, म्हणून बायकोचं कन्यादान या काकांनीच केलं. माझे पाय धुताना त्यांनी ते दोन्ही हातांनी नीट चाचपून पाहिले होते. मला वाटलं, आदर. वीस वर्षांनी कळलं की ते वजनाचा अंदाज घेत होते.

काकांची हयात कापसाच्या बाजारात गेली. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढून चिमटीत ओढून पाहायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. जगातली महत्त्वाची कामं हात करतात आणि पाय नुसते खाली उभे असतात, हे मत तिथेच पक्कं झालं असावं. सिंदी मेघेच्या घरून बाजारात ते सायकलने जात, पण सायकलसुद्धा दोन पायडल मारून मग जाईल तितकी जाऊ देत. मागे अडकलेले ऑटोवाले ओरडत. काका वळूनही न पाहता म्हणत, "सरकून राह्यली ना? मंग काऊन मारू?" वरातीत कोणी नाचायला लागलं की यांचा जीव हळहळे. एकदा बँडसमोर बेभान झालेल्या एका पाहुण्याकडे बघत ते माझ्या कानात म्हणाले, "एवढ्या लातांत हा मानूस कारंज्याले पोचला असता."

या सगळ्याचं मूळ पाण्यात होतं. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारंज्याकडच्या एका धरणाचं पाणी काका या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जात. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. पलीकडे स्वागताला असल्याच तर म्हशी. पण ज्या वर्षी त्यांना बहात्तरावं लागलं, त्या वर्षी काकूंनी अट घातली. "गुडघे बोलून राह्यले तुमचे, मले सैपाकघरात आयकू येते. संगं पोहनारं कोनी असन तरच जा. अन् तो पान्याबाहेर आला का तुमीबी बाहेर." काकांनी शब्द दिला. आता सोबती कोण? त्यांचा मुलगा पुण्याला, आणि त्याला पोहता येत नाही. पंगतीत वाटीभर श्रीखंड पोटात गेलं होतं, त्या भरात मी बोलून गेलो, "आम्ही काय, लहानपणी दिवस दिवस विहिरीत असायचो."

हे खोटं नव्हतं. फक्त विहिरीत खोली असते, लांबी नसते, एवढी गोष्ट मी विसरलो. पाठीला डबा बांधून शिकलेल्या आमच्यासारख्यांना एकच विद्या येते: उडी मारायची आणि पायऱ्या हाताला लागेपर्यंत जिवाच्या आकांताने पाय मारायचे. चार हातांवर पायऱ्या. पाचवा हात आम्हाला कोणी शिकवलेला नसतो.

वर्ध्याच्या पोहण्याच्या तलावावर माझी पहिली फेरी काकांनी काठावर बसून पाहिली. मी अर्ध्यात धापा टाकत दांड्याला लटकलो. "जवाई," ते शांतपणे म्हणाले, "तुमी पोहून राह्यले का ताक घुसळून राह्यले?"

मग त्यांनी मला शास्त्र सांगितलं. "अंगात सगळ्यात खादाड म्हंजे मांडी. दम हाये पंगतीतल्या बुंदीवानी. सारा पायालेच वाढत बसले, त हाताले उपास. थोडंसंक जायाचं असन त मारा लाता, कोनी नाई म्हनत नाई. पन लंबा जायाचं असन त पायाचं काम एकच, कमर बुडू द्याची नाई. एक हात, एक लात. अन् तेबी हळूच, झोपलेल्या मानसानं पांघरून सरकवलं असं."

मला पटलं. माझ्या पायांना पटलं नाही. तेव्हा काकांनी पिशवीतून स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली आणि माझे दोन्ही घोटे एकत्र बांधले. लग्नात ज्यांनी हे पाय धुतले, त्यांनीच ते बांधले. जावयाच्या वाट्याला एवढा समतोल सहसा येत नाही. पहिल्या दिवशी मी उभाच्या उभा बुडालो. शेजारी शिकवणीला आलेल्या बायका शिकणं सोडून बघत राहिल्या. घरी काका मला पाटावर पालथं घालून हात मारायला लावत आणि पाय हलला की काकू लाटणं घेऊनच बाहेर येत. दोन महिन्यांनी मी ट्यूब न बांधता लांबवर जाऊ लागलो. काका म्हणाले, "चालते." कापसाच्या बाबतीतही याहून मोठी स्तुती त्यांनी कधी केली नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलो. मागे एक मासेमार डोंगा घेऊन होता. काकांनी त्याला बजावलं, "मांगं मांगं येजो. हात नको देजो." मधोमध येईपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग मी खाली पाहिलं. खाली काहीच नव्हतं. नुसतं हिरवं, आणि पुढे काळं. त्या क्षणी माझ्या पायांना विहीर आठवली. ते सुटले. मी पायऱ्या शोधत राहिलो आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की धरणाच्या पाण्यात मी माझ्या आईला मोठ्याने हाक मारली.

डोंगा जवळ आला. "चढा भाऊ," मासेमार म्हणाला. मी डोंग्याची कड धरली. काका वळून परत आले होते, हातभर अंतरावर तरंगत होते. मी चढलो की त्यांनाही चढावं लागणार होतं; काकूंना दिलेला शब्द आम्हा दोघांनाही पाठ होता. त्यांनी एकदा पलीकडच्या काठाकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "चढा, जवाई. जीव पयले. पानी काई पळून नाई चाललं." बाजारात उभं आयुष्य खरं बोललेला माणूस खोटं बोलायला लागला की लगेच कळतं.

मी म्हणालो, "पाय गेले काका."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "आता पोहा."

मी कड सोडली. आणि खरंच, पाय दोन ओल्या पोत्यांसारखे मागे येत राहिले आणि हात पुढे जात राहिले. शेजारून काकांचा आवाज येत होता: "एक... एक..." लाथेचा हिशोब त्यांनी माझ्यापुरता माफ केला होता. किती वेळ गेला ठाऊक नाही. हाताला चिखल लागला. काठ आल्यावर उभं राहायचं असतं हे पायांना सांगायचं राहून गेलं, म्हणून मी रांगतच बाहेर आलो आणि एका म्हशीच्या पुढ्यात लोटांगण घातलं. काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पोट धरून हसत होते. त्यांना असं हसताना मी तेवढंच पाहिलं.

यंदा दसरा आला आणि गेला. गुडघ्यांनी आता पुरताच संप केला आहे. आयुष्यभर ज्यांना जपून वापरलं तेच आधी संपले. पण मी त्यावरून काकांना चिडवत नाही. रविवारी मी त्यांना तलावावर नेतो. तिथे पाय धुतल्याशिवाय काठावर येऊ देत नाहीत आणि त्यांना वाकता येत नाही. तेव्हा मी पायजमा दुमडतो, तांब्याने पाणी घालतो, बोटांच्या बेचक्या चोळतो.

"जवायानं सासऱ्याचे पाय धुतले, असं आयकलं नोतं कधी," ते म्हणतात.

"वजन पाहून राह्यलो," मी म्हणतो.

मग ते पाण्यात पाय सोडून काठावर बसतात आणि मी पोहायला लागतो. श्वास घेऊन तोंड पुन्हा पाण्यात घातलं की मला त्यांची दोन गोरी, वाळलेली पावलं दिसतात. माझा हात पडला की एक हलतं. दुसरा हात पडला की दुसरं. हळूच, झोपलेल्या माणसाने पांघरूण सरकवावं तशी. पलीकडच्या टोकाला पोहोचल्यावर माझ्या लक्षात येतं की आपण पाय मारलेच नाहीत. तरी कमर बुडाली नव्हती.