उकंडा इनबॉक्सात

डोणगावात ‘कडूबा’ अशी हाक मारली की तो लगेच वळून पाहतो, आणि ‘राजकुमार’ अशी मारली की मागे दुसरं कुणी आहे का ते पाहतो. शाळेच्या दाखल्यावर, दुकानाच्या पाटीवर आणि लग्नाच्या बायोडेट्यावर मात्र तो राजकुमारच आहे. पाठोपाठ दोन लेकरं पाळण्यातून गेल्यावर हा झाला, तेव्हा त्याच्या आईने, गोजरबाईने, दृष्ट लागू नये म्हणून त्याला कडूबा करून टाकलं. कडू जिन्नस यम तोंडी लावत नाही, असं तिचं साधं गणित. गणित बरोबर आलं म्हणायचं, कारण कडूबा आता तिशीला टेकला आहे आणि त्याच्या शर्टाची बटणं पोटापाशी तक्रार करू लागली आहेत.

बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. ते पोटासाठी. जीव मात्र अडकलेला दुसरीकडे. सगळ्या जगाची मेल चार बड्या कंपन्यांच्या दारात जाऊन पडते, मग आपली मेल आपल्या घरात का नसावी, हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं आणि मग निघालं नाही. त्याने घरातच, ज्वारीच्या कोठीवर, स्वतःचा मेल सर्व्हर थाटला. पहिला सर्व्हर वीज कडाडली तेव्हा गेला. दुसऱ्याच्या वायरी उंदरांनी फराळाला घेतल्या. तिसरा आणला त्या दिवशी गोजरबाई कमरेला पदर खोचून कोठीसमोर उभी राहिली.

“दोन गेले,” ती म्हणाली. “आता याचं नाव मी ठेवतो. उकंडा.”

नावही तिने हवेतून काढलं नव्हतं. कडूबाचे चुलते उकंडराव असेच. जन्मल्या जन्मल्या त्यांना उकिरड्यावर लोळवून आणलं होतं, आणि तेव्हापासून आजवर त्यांना तपासणारे तीन डॉक्टर निवर्तले, उकंडराव मात्र रोज तंबाखू मळत ओट्यावर बसलेले असतात. असा चिवटपणा यंत्रात उतरला तर काय हवं! मेहकरहून बहीण सुवर्णा आली. भाऊ सर्व्हरचा बाप, म्हणजे ती रीतसर आत्या. तिने त्या डब्याच्या पंख्याला तोंड लावून ‘कुर्र’ केलं, बायकांनी हसून हसून पाळणा म्हटला, गल्लीभर घुगऱ्या वाटल्या गेल्या. कडूबाने पडद्यावर नाव टाइप केलं: उकंडा. उकंडरावांनी नव्या बाळाला टोपी आणली होती. ती आजही त्या डब्यावर आहे.

तर अशा मुलखावेगळ्या संसाराचा हा धनी संग्रामपूरला मुलगी पाहायला गेला. निघताना गोजरबाईने जीपमधल्या सगळ्यांना दम भरला होता की तिथे कुणी याला कडूबा म्हणायचं नाही. प्रेरणा तिथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पोहे झाले, चहा झाला, दोघांना बोलायला अंगणात धाडलं, आणि कडूबा तुळशीची पानं मोजू लागला. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलून गेला, “आमचा मेल सर्व्हर आमच्या घरातच हाय.”

प्रेरणाने पहिल्यांदा मान वर केली. “त्याची मेल इनबॉक्सात जाते का पण?”

“जाते म्हणजे? धावत जाते.”

“मंग मले टाका एक. इनबॉक्सात दिसली तं उत्तर देईन. स्पॅम मी उघडून पाह्यत नाई.” आणि ती अशी हसली की कडूबाला परतीच्या वाटेत शेगाव कधी येऊन गेलं ते कळलंच नाही. जीपमध्ये तो उगाचच शीळ घालत होता. उकंडराव म्हणाले, पोट्ट्याले पोहे चढले.

खरी गोष्ट अशी होती की धावत जाते की रांगत, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. डोणगावातल्या डोणगावात मेल फिरायची, म्हणजे कोठीवरून निघून कोठीवरच उतरायची. घरी येताच त्याने बड्या कंपनीच्या पत्त्यावर, सुवर्णाला, एक मेल टाकली आणि फोन लावला.

“आली,” सुवर्णा म्हणाली. “स्पॅममंदी. वर एक जण मले मोठं इनाम लागलं म्हणते, खाली केस उगवाचं तेल हाय, अन् मधात तू.”

कडूबाचा चेहरा पडला. त्यात भर म्हणजे संग्रामपूरहून निरोप आला की येत्या रविवारी खामगावचं एक स्थळ प्रेरणाला पाहायला येत आहे. मुलगा इंजिनिअर. घर स्लॅबचं. गोजरबाईने देवापुढे सुपारी ठेवली आणि कडूबाने दुकान अर्धं मिटून घेतलं.

मग तो हात धुऊन मागे लागला. आपल्या नावाची मेल कुठल्या यंत्रातून निघू शकते, ते जगजाहीर करणारी नोंद त्याने केली. प्रत्येक मेलवर न पुसणारी सही उमटवण्याची सोय केली. आपल्या नावाने कुणी तोतया मेल धाडली तर तिचं काय करायचं, तेही बड्यांना सांगून ठेवलं. दर पायरीला तो सुवर्णाला मेल टाकी आणि दर वेळी ती फोनवर म्हणे, “इनामाच्या खालीच हायस, बाबू.” तिसऱ्या खेपेला तर तिने फोन उचलताच “हाव, थितंच” एवढंच म्हटलं.

शेवटी मेल तपासून देणाऱ्या एका साइटवर त्याला दुखणं सापडलं. पलीकडच्या दारात गेल्यावर सर्व्हरला आधी आपलं नाव सांगावं लागतं. समोरचा मग नोंद उघडून पाहतो की हा इंटरनेटवरच्या ज्या नंबरावरून आला, त्या नंबराचं नाव काय लिहिलंय. ती नोंद इंटरनेट कंपनीकडे असते. कनेक्शन घेतलं तेव्हा, म्हणजे बारशाच्या आधी, कडूबाने तिथे झोकात ‘राजहंस’ लिहून दिलं होतं. म्हणजे यंत्र दारात जाऊन म्हणत होतं मी उकंडा, आणि नोंद म्हणत होती हा राजहंस. असा दोन नावांचा पाहुणा कोण घरात घेईल?

उपाय तर चुटकीसरशी होता. यंत्राचं नाव बदलून राजहंस करायचं. त्याने की-बोर्डवर बोटं ठेवली आणि मागून आवाज आला.

“काय करतं?”

कडूबाने सांगितलं. गोजरबाई चिडली नाही, ते जास्त वाईट झालं. ती कोठीला टेकून बसली. “दोन गेले, हा टिकला. टिकलेल्याचं नाव बदलाचं असते का, बाप्पा?” ती यंत्राबद्दल बोलत होती आणि यंत्राबद्दल बोलत नव्हती. कडूबाने बोटं काढून घेतली. इकडे आई, तिकडे रविवार.

ओट्यावर उकंडरावांपर्यंत ही बातमी पोचायला कितीसा वेळ! ते काठी आपटत आत आले. यंत्रावरची आपली टोपी जागेवर असल्याची त्यांनी आधी खात्री केली.

“माह्या नावात काय खोट हाय बे, कडूबा?”

“खोट नाई, काका. पण मेल जात नाई त्याच्यानं.”

“माह्या नावानं जात नाई?” म्हातारा कडाडला. “मी घरात उकंडा, सातबाऱ्यावर उकंडा, बँकेत उकंडा. माह्यं कोणतं काम अडलं आजलोक? एकच नाव हाय माह्यं. अडते थे तुह्यं. घरी कडूबा, संग्रामपुरात राजकुमार. दोन नावं घेऊन तू फिरतं, अन् बोल मले लावतं?”

कडूबा ताडकन उठला. मग त्याने वाकून त्यांचे पाय धरले. म्हातारा घाबरून मागे सरला, कारण हा पोरगा पायाही पडत होता आणि खदाखदा हसतही होता. बड्या कंपन्यांना नाव देखणं हवं होतं कुठे? त्यांना ते एक हवं होतं. यंत्राचं राहू दे तसंच, नोंदीतला राजहंसच हाकलायचा.

त्याने इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिकडे मनाली नावाची मुलगी होती.

“राजहंस काढून काय लिहायचं, सर?”

“उकंडा.”

“सर, पक्कं का?”

“पक्कं. उकिरड्यातला उ.”

तिकडे फोनवर हात दाबून कुणीतरी हसलं. इकडे उकंडरावांनी समाधानाने तंबाखूचा बार भरला.

नोंद बदलली ती शनिवारी. कडूबाने सुवर्णाला मेल टाकली आणि फोन करायच्या आतच तिचा फोन आला. “आली बे,” ती ओरडली. “इनबॉक्सात. माह्या भाच्यानं नाव काढलं.” कडूबा ज्वारीच्या कोठीला मिठी मारून नाचला. टोपी पडली, ती उचलून त्याने पुन्हा नीट बसवली.

आता प्रेरणाची मेल. मजकूर केव्हाचा तयार होता, मोठा, गुळगुळीत, खाली झोकात सही: राजकुमार. तो धाडणार, एवढ्यात त्याचं बोट थांबलं. खालच्या सहीकडे पाहताना त्याला लाज वाटली. यंत्राला जे चालत नाही ते आपल्याला कसं चालेल? आईने जीपमध्ये दिलेला दम त्याला आठवला, भीती वाटली, आणि तरी त्याने सगळा मजकूर पुसून टाकला.

‘प्रेरणा, ही मेल उकंडा नावाच्या सर्व्हरवरून आली आहे. अन् मले घरी अन् गावात कडूबा म्हणतात. तुमच्या घरी आमच्या लोकांनी लपवलं. तुम्हाले चालत असन तं सांगा. — कडूबा.’

बटण दाबलं. अर्ज भरायला घरीच आलेल्या एकाला त्याने बायकोच्या रकान्यात त्याच्या बैलाचं नाव लिहून दिलं. गोजरबाई दाराशी दोनदा डोकावून गेली. उकंडराव ओट्यावर होतेच.

दिवेलागणीला कोठीवरचा डबा टिंग वाजला. कडूबाने मेल उघडली. एकदा वाचली. मग आईला हाक मारली आणि तिला वाचून दाखवू लागला.

‘इनबॉक्सात आली. खामगावच्या पाहुण्यांले बाबांनी नको सांगतलं, म्या लावलं सांगाले. तुमच्या लोकांनी लपवलं तसं आमच्याही लोकांनी लपवलं. माह्या आंधीचे तीन भाऊ गेले होते. — धोंडी.’