मुका फोन आणि माझी खुर्ची

ये गं, अशी जवळ बस. आल्याआल्या निघायची घाई, चहापण उभ्यानंच पितीस. आणि मघापासून ऐकायले मी, हापिसातल्या त्या पोरीवर फोनवरून किती आरडायलीस! नेट चालंना त्यात तिचा काय गुन्हा? तुझ्या हापिसातलं ते वायफाय आतल्या खोलीत पोचत नसंल, तर आधी ते यंत्र कुठं कोंबलंय, त्याच्या अंगावर काय लादलंय ते बघ. माणसाला मागाहून बोल. माझी खुर्ची अशीच जाता जाता राहिली, म्हणून सांगायले.

आमचं पाथरीला ट्रक-बुकिंगचं हापिस होतं. हापिस म्हणजे एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि काळा फोन. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेले दिवस. आज रस्ता बंद, उद्या एसटी बंद. कुठला ट्रक कुठं अडकला ते फोनशिवाय कळायचंच नाही. आमचे हे सदा ट्रकवर. फोनवर बसणारा कारकून सरकारी नोकरी लागून गेला, तेव्हा मी मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना म्हटलं, "मी बसते." माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर. मामंजींनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "बसा. दसऱ्यापर्यंत बघू."

आठ-दहा दिवस बरे गेले. मग पलीकडचा जो तो म्हणायला लागला, "जोरात बोला, जोरात!" मला त्यांचं सगळं ऐकू यायचं, माझं त्यांना जवळजवळ काहीच नाही. मी टेबल खिडकीशी नेलं. फोन कपाटावर चढवला आणि स्वतः स्टुलावर उभी राहिले. कुणी म्हणालं वायर ताठ पाहिजे, तर वायरीला सुतळीनं ताण दिला. एक्स्चेंजमधला नंबर जोडून देणारा माणूस शेवटी वैतागला, "बाई, दारात उभं राहून नुसती हाक मारा, फोनच्या आधी पोचंल!"

त्यातच सोनपेठच्या कापसाच्या जिनिंगवाल्याला आमचा ट्रक आज नाही, उद्या येणार हा निरोप कळलाच नाही. त्याचे हमाल दिवसभर वाट बघत बसले. मामंजी म्हणाले, "बायकांचा आवाज बारीक. तारंतून जायाला दम लागतो." आणि त्यांनी आपल्या भाच्याला बोलावून घेतलं.

भाच्याचा आवाज असा, की त्यानं आपल्या बैलाला दटावलं तर शेजारच्या शेतातले बैल थांबायचे. माझ्या खुर्चीत बसून त्यानं परभणीच्या व्यापाऱ्याला "हॅलोऽऽ" केलं. समोरच्या हॉटेलातून आमचा ड्रायव्हर तोंडातला घास तसाच घेऊन पळत आला, "काय झालं, मालक?" आणि परभणीवाला पलीकडून म्हणतोय, "अरे, बोला की कुणीतरी!"

मी हळूच म्हटलं, "मामंजी, भावजींचा आवाज तर बारीक न्हाई."

ते डबा उघडून सुपारी शोधायला लागले. तेवढा मोका साधून मी स्वतः जाऊन लाइनमनला सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा मामंजींची पूजा चालली होती. ओल्या बोटानं हळदकुंकू उंबऱ्याला, कपाटाला आणि मग फोनला. फोनला कुठं, तर बोलायच्या तोंडावर, भोकांवर, चांगलं दाबून.

लाइनमन बघतच राहिला. "काका, हे रोज?"

"रोज म्हंजे? फोन आला त्या दिवसापासून. एक खाडा न्हाई. लक्ष्मी तिथून बोलती."

"बोलती कशाची? तिचं तोंड लिंपून टाकलंय तुमी!" त्यानं ते झाकण फिरवून काढलं. भोकं सगळी बुजलेली, आत लाल लगदा. टेबलावर आपटलं तर हळदीकुंकवाची ढेकळं पडली. "वहिनी, हे पुसत न्हाई का तुमी? आधीचा कारकून यांची पाठ फिरली की पुसायचा. मला सांगायचा ना."

आता मी काय सांगू? सवाष्ण बाई मी. लक्ष्मीचं कुंकू मी पुसीन का?

झाकण धुऊन, वाळवून बसवलं. परभणीचा नंबर लागला. मला सवयच पडलेली, मी पोटापासून ओरडले, "ट्रक निघालाऽऽ!"

"अहो बाई, कानाचा पडदा फाटला की! हळू!"

हे खोलीभर ऐकू गेलं. मामंजींनी भाच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू जेवून जा."

दसरा आला, गेला. मला ऊठ कुणी म्हणालं नाही. फक्त एका सकाळी मामंजी फोनजवळ आले, ओलं बोट तसंच हवेत धरून थांबले, आणि कुंकवाचा करंडा माझ्यापुढं सरकवला. "हितलं आता तुमीच बघत जा." त्या खुर्चीवर मी पुढं म्हातारी झाले.

बघ, बोलता बोलता तुझी एसटी गेली असंल. जा, पुढची गाठ. पण पुढच्या येळी रात्रीचं राहायच्या हिशोबानं ये गं. ज्वारीचा हुरडा आता पंधरा दिवसांवर आलाय, तेवढ्यात ये.