अडीचपट पावसाचा डोंगर

परभणीच्या मोटार मंडळाकडे चार मोटारी होत्या. त्यांतल्या तीन चालत. चौथी तिच्या मालकाच्या अंगणात विटांवर उभी होती, पण मोजताना धरली जाई. माझ्याकडे मोटार नव्हती, सायकल होती. तरी मी मंडळाचा चिटणीस होतो. कारण किती वाजता निघालो, किती मैल झाले, रेडिएटरमध्ये किती वेळा पाणी घातले, हे लिहायला मोटार चालवणाऱ्याचे हात मोकळे नसतात.

पोटासाठी मी जिल्हा कचेरीत कारकून होतो. निजामाच्या राज्यात तिला अव्वल तालुकदाराची कचेरी म्हणत. पोलीस ॲक्शननंतर ती कलेक्टर कचेरी झाली. पाटी बदलली, दफ्तर उर्दूतून इंग्रजी-मराठीत आले, माझे टेबल खिडकीजवळच राहिले. जिल्ह्यातल्या पावसाचे आकडे त्या टेबलावर येत आणि मी ते एका मोठ्या वहीत चढवत असे. पावसाच्या बाबतीत माझ्या वहीपुढे कोणाचे चालत नसे. वहीत नसलेला पाऊस, माणूस कितीही भिजून आला तरी, पडलेला धरला जात नसे.

त्या वहीत एक डोंगर होता. जिंतूरच्या पलीकडे, बांधकाम खात्याचा जुना मुसाफिरबंगला असलेला. तिथला पाऊस परभणीच्या अडीचपट. एखाद्या साली नव्हे, ओळीने सात पावसाळे. त्यावरून त्या डोंगराचा मोठा बोलबाला झाला होता. ढग खिडकीतून आत येतात, वाऱ्याने म्हैस उलटते, भाद्रपदात हुडहुडी भरते, असे सांगणारे गावात पुष्कळ होते. त्यांच्यापैकी कोणी तिथे गेलेले नव्हते. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब तर जाहीर सभेत सांगत, की हैदराबाद संस्थान विलीन झाले आणि त्या डोंगरावरचा पाऊसही वाढला. अठ्ठेचाळीसच्या आधीचे दफ्तर गाठोडी बांधून हैदराबादला गेलेले असल्यामुळे हे विधान खोडून काढायची सोय नव्हती.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात जायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. बिनउपयोगी बंगले बंद करायची एक यादी निघाली आणि तीत हा बंगला होता. बंगला बंद म्हणजे तिथला चौकीदार घरी. हा चौकीदार पायथ्याच्या एका मेंढपाळ घरातला. भावांच्या वाट्याला मेंढ्या गेल्या, याच्या वाट्याला बंगला आला. आता पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेले. चाकरी गेली तर पुन्हा भावांच्या मेंढ्यांमागे काठी घेऊन फिरायचे, हे त्याला जमणारे नव्हते. तो जिंतूरहून सर्व्हिस मोटारीने परभणीला आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, तुमीच लिवा की. आपल्या डोंगरावर किती पाऊस पडायलाय ते तुमच्या वहीत हाय."

मी वकीलसाहेबांना सांगितले. त्यांनी तासाभरात निवेदन लिहून काढले: हवामानाच्या दृष्टीने हे ठिकाण असाधारण आहे, सबब बंगला, पर्जन्यमापक आणि चौकीदार तिन्ही कायम ठेवावेत. सोबत सात वर्षांचा तक्ता, खाली माझी सही. शिवाय मंडळाने एकत्र मोटारी घेऊन तिथे जावे, ती भयंकर हवा स्वतः सोसावी आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सह्या जोडाव्यात, असे ठरले.

भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. ठरलेली वेळ साडेपाच होती. तीन मोटारी, माणसे नऊ, छत्र्या अकरा, घोंगड्या सहा, चाकांना बांधायच्या साखळ्या दोन जोड, दोरखंड एक. वकीलसाहेबांनी कानटोपी घातली होती. डॉक्टरांनी हवा मोजायला दवाखान्यातला थर्मामीटर घेतला होता. माझ्या घरातून धपाटे आणि दह्याची बरणी आली होती. थंडीत दही नको, असे डॉक्टरांनी बजावले आणि बरणी आपल्या पायाशी ठेवून घेतली.

जिंतूरपर्यंत काही झाले नाही. पुढे चढ लागला, तशी शेठजींची मोटार थांबली. शेठजींचा जिनिंगचा कारखाना होता. त्यांची मोटार सगळ्यांत जुनी; तिची पेट्रोलची टाकी सीटखाली होती आणि चढावर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नसे. उपाय एकच, मोटार उलटी फिरवून मागच्या गिअरमध्ये चढवायची. शेठजींनी तसे केले. दोन मैल तीन फर्लांग त्यांचे तोंड आमच्याकडे आणि पाठ डोंगराकडे होती.

"काय शेठजी, डोंगराला पाठ दाखवलीत?" वकीलसाहेब ओरडले.

"तुम्ही सांगता तसला वारा आला तर आधी तुमच्या तोंडावर येईल," शेठजी म्हणाले.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही वर पोचलो. ऊन होते. मऊ, पिवळे, कुणालाही आवडावे असे. गवत हलावे इतका वारा होता. ढग दोन दिसत होते, तेही दूर दक्षिणेला, आमच्या घराच्या बाजूला. वकीलसाहेबांनी कानटोपी काढली नाही. डॉक्टरांनी थर्मामीटर झटकून सावलीत धरला, पाच मिनिटे पाहिले, आणि पारा हललाच नाही. तो तापाचा थर्मामीटर, पंचाण्णवच्या खाली त्याला आकडेच नव्हते.

"डोंगराला ताप नाही," डॉक्टर म्हणाले. "एवढं मी लिहून देतो."

चौकीदार खाकी कोट घालून सामोरा आला. बंगला झाडलेला, पायऱ्या धुतलेल्या. त्याच्या बायकोने चुलीवर चहाचे आधण ठेवले होते. आभाळ निरभ्र असल्याबद्दल त्याने इतक्या वेळा माफी मागितली की मला ओशाळल्यासारखे झाले.

"काल लय होता साहेब. परवा बी. आजच कसा दगा दिला म्हनावं."

"हरकत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "आकडे आहेत ना आपल्याकडे. मुन्शीजी, तुम्ही त्या यंत्राजवळ उभे राहा. फोटो घेऊ."

मी उभा राहिलो. नुसते उभे राहायचे म्हणजे हातांना काम नव्हते, म्हणून मी खिशातली सहा इंची पट्टी काढली. ती माझ्या खिशात नेहमी असते. पर्जन्यमापकाच्या तोंडावर आडवी धरली. पुरली नाही. सरकवून पुन्हा धरली. तोंड आठ इंचांचे भरले.

परभणीच्या पर्जन्यमापकाचे तोंड पाच इंचांचे. जिल्ह्यात सगळीकडे पाचच, असा माझा समज होता. मी चौकीदाराकडून मोजायची काचेची नळी मागून घेतली आणि उलटी केली. बुडाला पाचाचा आकडा कोरलेला होता.

इथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी जास्त जमणार. म्हणून त्याची नळी वेगळी असते, खुणा वेगळ्या असतात. आठ इंची तोंडाचे पाणी पाच इंची नळीत मोजले, तर आठ आठे चौसष्ट भागिले पाच पाचे पंचवीस, म्हणजे अडीचपटीहून थोडा जास्त पाऊस दिसणार. मी पायरीवर बसून निवेदनाच्या तक्त्यातले सातही आकडे भागून पाहिले. डोंगराचा पाऊस परभणीइतकाच आला. दोन साली तर किंचित कमी.

आणि ती नळी मीच पाठवली होती. पोलीस ॲक्शनच्या पावसाळ्यात इथली नळी फुटली, चौकीदाराने तुकडे फडक्यात बांधून कचेरीत आणले. मी तुकडे जमा करून घेतले, त्यांची नोंद केली, कपाटातली शिल्लक नळी दिली, त्याचा अंगठा घेतला. तारीख, वेळ, सही, सगळे आजही त्या नोंदवहीत जागच्या जागी आहे. फक्त नळी चुकीची होती.

फोटो निघाल्यावर मी सगळ्यांना हे सांगितले. डॉक्टर हसले. शेठजींनी पुन्हा सांगायला लावले. वकीलसाहेबांनी कानटोपी काढली.

"मुन्शीजी, निवेदनाला तुम्ही काय जोडताय? वहीची नक्कल. ती नक्कल वहीबरहुकूम आहे की नाही?"

"आहे."

"मग सही करा. पाऊस खरा आहे असं कुठं लिहायचंय तुम्हाला?"

"वकीलसाहेब, वहीच खोटी आहे."

"ते कोर्टात दुसऱ्या बाजूनं सिद्ध करायचं असतं. आपण कशाला?"

चौकीदार चहाचे पेले घेऊन उभा होता. त्याला सगळे कळले नसावे, पण आकडा खाली येतोय एवढे कळले. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "साहेब, मी तर रोज सकाळी आठाला नळीच्या रेघा मोजायलोय. एक दिस चुकवला न्हाई. तापात बी."

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा. माझं चुकलं."

आतून त्याची बायको बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला राख.

"मी ह्यान्ला सात वर्सं सांगायले, इतका पाऊस हाय तर हिरीला पानी का न्हाई? चैतात मला खालून घागरी आनाव्या लागतेत. तर हे म्हन्तेत, तुला काय कळतंय, सरकारी नळी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, आता पाऊस खाली आला म्हून आमी बी डोंगराखाली यावं का?"

सात वर्षे मी त्या आकड्यांच्या बेरजा दोनदा तपासत होतो. विहिरीचे कोणाला विचारावे असे एकदाही मनात आले नव्हते.

धपाटे खाल्ले. दही डॉक्टरांनी संपवले. निवेदन सहीवाचून वकीलसाहेबांच्या पाकिटात गेले आणि तीन वाजता आम्ही उतरलो. या वेळी शेठजींचे तोंड पुढे होते.

वाटेतले झरी गाव ओलांडले आणि घराच्या बाजूचे ते दोन ढग आमच्यावर आले. पाऊण तास असा पाऊस झाला की पुढच्या मोटारीचा दिवा दिसेना. डोंगरावरचा रस्ता मुरमाचा होता. इथे काळी माती. तिन्ही मोटारी आसापर्यंत रुतल्या. साखळ्या बांधल्या, त्याही मातीत गेल्या. एक छत्री उलटली, दोन उडाल्या. घोंगड्या आम्ही डोक्यावर घेतल्या आणि कानटोपी पुन्हा वकीलसाहेबांच्या डोक्यावर चढली. शेवटी झरीच्या एका शेतकऱ्याने बैलांच्या दोन जोड्या आणल्या. मोटारी ओढताना त्याने विचारले, "कुठं गेलता मालक एवढ्या सरंजामानं?"

"पाऊस बघायला," डॉक्टर म्हणाले.

त्याने बैलांना हाक दिली.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीत अर्ज लिहिला. चूक माझी, चौकीदाराची नाही, हे पहिल्या ओळीत. मग भागाकार. मग, सातही वर्षांचे आकडे नुसत्या गणितावर दुरुस्त करणे बरोबर नाही, निदान दोन पावसाळे जुनी आणि योग्य अशा दोन्ही नळ्यांनी रोज मोजून मेळ घालावा, असे सुचवले. हे मी चौकीदारासाठी लिहिले नव्हते. हिशेब तपासायची रीतच तशी आहे. अर्ज पाठवताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो मेंढ्यांमागे लंगडत चाललेला दिसत होता. वकीलसाहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मंडळाच्या पुढच्या बैठकीची वेळही त्यांनी मला कळवली नाही, त्यामुळे तिची नोंद नाही.

कागद वर गेला आणि वर त्याची काळजी लागली. चौकशीला एक अधिकारी आले. चौकशी डोंगरावर, तेव्हा त्यांचा मुक्काम बंगल्यात. त्यांना बंगला आवडला. एका रात्रीचे काम तीन रात्री चालले. त्यांनी शेरा मारला: दुहेरी निरीक्षण आवश्यक, ते पूर्ण होईपर्यंत बंगला व चौकीदार यांना हात लावू नये. बंद करायच्या यादीतून नाव कमी झाले. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे. दोन पावसाळ्यांत राज्य बदलले, नव्या कचेरीने जुनी फाईल वाचून तिसरा पावसाळा मागितला. अडीचपट पावसाने जे झाले असते की नाही कोण जाणे, ते साध्या पावसाने झाले.

योग्य नळी यायला चार महिने लागले. ती मी टपालाने पाठवली नाही. सुटी काढून, कापसात गुंडाळून, मांडीवर घेऊन सर्व्हिस मोटारीने जिंतूरला आणि तिथून पायी वर नेली. चौकीदाराची बायको विहिरीवर होती, पोहरा खडकावर वाजत होता. चौकीदाराने नळी दोन्ही हातांनी घेतली, उन्हात धरली. मी नोंदवही उघडून अंगठ्यासाठी शाई पुढे केली. त्याने अंगठा मागे घेतला.

"ठैरा साहेब. आधी ह्याच्या बुडाला काय लिवलंय ते वाचून दावा."

"आठ," मी म्हणालो.

त्याने पर्जन्यमापकाकडे बोट दाखवले. मी खिशातली पट्टी काढली आणि त्याच्यादेखत ते तोंड पुन्हा मोजले. मग त्याने अंगठा दिला.