मानमोडी आणि चेकर कौसाबाई

पालेगावच्या कौसाबाईने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या कारखान्यात एकवीस वर्षं जीन्स तपासल्या. तिच्या टेबलावरून सुटलेल्या टाक्यापायी माल परत आला, असं एकदाही झालं नाही. पण साठी उलटली, चष्मा लागला, आणि दिवाळीनंतर शेठने तिला पॅकिंगला बसवलं. "मौसी, अब नजर थक गयी," म्हणाला. ते तिच्या जिव्हारी लागलं.

त्याच रविवारी श्यामकांत सर पक्षी बघणारी मंडळी घेऊन तिच्या शेताच्या बांधावर आले. सर अंबरनाथचे, तिथल्याच एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले.

"त्या पडलेल्या आंब्याच्या झाडाजवल एक पाखरू येतंय, दर थंडीला," कौसाबाई म्हणाली. "सालीसारखंच दिसतंय. मुंग्या खातंय."

सर हसले. "आजी, सातभाई असेल."

"सातभाई कंदी एकटा दिसलाय? याच्या मानेपासून पाठीवर काळी पट्टी हाय, डबल शिवणीवानी. घाबरलं का मान सापावानी फिरवतंय."

सरांचं हसू विरलं. ही तर मानमोडी, सहसा नजरेस न पडणारी हिवाळी पाहुणी! तिच्यासाठी ते बारा हिवाळे रानोमाळ हिंडले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

पाच दुर्बिणी आंब्याच्या खोडावर लागल्या. अर्धा तास गेला, ऊन चढलं.

"नुसती साल आहे हो," शलाका नावाची मुलगी कंटाळून म्हणाली. "आजी, या वयात भास होतो कधी कधी."

म्हणजे इथेही तेच! कौसाबाईला राग आला. तिने टेबलावरची आपली रीत धरली. चेकर सगळ्या कापडावर डोळे फिरवत बसत नाही. शिवण धरून जातो आणि तुटली की थांबतो. खोडावरून मुंग्यांची रांग चालली होती. ती धरून तिची नजर सरकली, वीतभर, हातभर.

"रांग तुटली, तिथं बघा."

तिथल्या सालीला डोळा होता. सालीने मान मुरडली, लांबलचक जीभ काढली आणि उरलेल्या मुंग्या टिपल्या. शलाकाने तोंडावर हात ठेवला.

सरांनी वही उघडली. "आजी, नाव सांगा. मानमोडी तुम्ही दाखवलीत, नोंदीला तुमचंच नाव लागणार."

कौसाबाईने नाव सांगितलं. मग चष्मा सारखा करून वहीत डोकावली.

"नुसतं नाव नको, सर. फुडं चेकर लिवा."