मोकळ्या ओळी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. स्नेहसंमेलनात रॅप करणार म्हटल्यावर आईला वाटलं, हासुद्धा परीक्षेचा विषय असेल.

रॅप आमच्या चाळीवर होता. बाळकुमला चाळीला लागूनच स्विमिंग पूलवाला टॉवर उभा राहिलाय, उद्घाटन आमच्या नगरसेवक साहेबांनी केलेला. शेवटच्या चार ओळी अशा होत्या:

आमच्या नळाला नुसती हवा,
टॉवरच्या पूलला रोज पाणी.
उद्घाटनाला येता साहेब,
तहान बघायला येत नाही कोणी!

गाण्याचे शब्द आधी स्नेहसंमेलन बघणाऱ्या सरांना दाखवायचे, असा कॉलेजचा नियम. सरांनी वाचलं, चष्मा पुसला.

"खालच्या दोन ओळी काढ. पाहुणे म्हणून साहेबच येतायत गं."

"मग तिथे काय म्हणू, सर?"

"काहीही म्हण. पण या ओळी म्हणालीस, तर पुढच्या वर्षी स्टेज नाही."

मी मान खाली घालून 'बरं' म्हटलं. सरांसमोर 'नाही' म्हणायला मला अजून जमत नाही. पण रॅप लिहिला होता तो त्या दोन ओळींसाठीच.

पप्पा माजिवड्याच्या स्टँडवर रिक्षा चालवतात. तरुणपणी ते जयंतीच्या गायन पार्टीत मुख्य गाणाऱ्या बुवांच्या मागे कोरसला असायचे. जेवताना त्यांना सगळं सांगितलं.

"काढ म्हणाले ना? काढ. पण तिथे दुसरं काही भरू नको. ठेका चालू ठेव. आमचे बुवा ओळ अर्धी सोडून निवांत पाणी प्यायचे. उचलायचं काम कोरसचं."

"माझ्याकडे कुठे कोरस, पप्पा?"

"मग इतके दिवस कँटीनमध्ये काय तोंड मिटून प्रॅक्टिस केली?"

कार्यक्रमात मैत्रीण तोंडाने बीट देत होती. साहेब पहिल्या रांगेत. नळ झाला, पूल झाला. मी माइक खाली घेतला आणि बाटली तोंडाला लावली. बीट चालूच. दोन घोट झाले. वाटलं, फसलं सगळं.

मग मागून कँटीनची गँग ओरडली, "उद्घाटनाला येता साहेब!" पुढची ओळ अख्ख्या हॉलने म्हटली. वन्स मोअर आला. मी पुन्हा नळापासून सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी थांबले. या वेळी हॉल वाटच बघत होता. साहेबांनी टाळीसाठी उचललेले हात हळूच मांडीवर ठेवले.

सर विंगेत उभे होते. "तू म्हणालीस?"

"नाही, सर. मी पाणी पीत होते."

त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. मग म्हणाले, "हं. नियम तर पाळलास."

या वर्षी नियम वाढलाय. गाण्यात कुठे थांबणार, तेही आधी सांगायचं. मी सरांना सरळ सांगितलं, प्रत्येक कडव्यानंतर थांबणार आहे. या वेळी मान खाली घातली नाही. कँटीनमध्ये आमची प्रॅक्टिस सुरू झालीय. मोठ्याने.