ईश्वरदासांचं जैतुनी औषध

ईश्वरदास नंदनवार हातमागावर नऊवारी विणायचे, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा आमच्या गोळीबार चौकात कुणी नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मी त्यांचा शेजारी. एकोणऐंशी साली त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी दम भरला, "मटण बंद, तर्री बंद." आता कोष्ट्याच्या घरात रविवारचं सावजी मटण बंद करायचं, म्हणजे माग बंद ठेवण्यापेक्षा कठीण. वर जवसाच्या तेलाची बोटभर तर्री तरंगल्याशिवाय ईश्वरदासांना ते जेवणच वाटत नसे.

जावई मार्तंड कुवेतला होता. त्याने जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलाचा डबा पाठवला आणि लिहिलं, की बाकीची तेलं-तुपं सोडून भाजीपाल्यात हे बेताने वापरलं तर हृदयाला चांगलं, असं इथले डॉक्टर सांगतात. ईश्वरदासांनी त्यातलं 'हृदयाला चांगलं' तेवढं उचललं. बाकीचं सोयीस्कर गिळलं.

मग रोज दोन चमचे तेल डोळे मिटून प्यायचं आणि रविवारी मटण ओरपून, तर्री भाकरीने पुसून झाली की वर आणखी दोन. "तेलाले तेलच कापते," ते पानठेल्यावर सांगत. "आता कितीबी खा!" या शास्त्रावर माना डोलावणारे नंदीबैलही चौकात कमी नव्हते. मीही रविवारी त्यांच्याकडे पाटावर बसायचो. आयतं मटण समोर आलं की शहाणपण सुचत नाही.

अक्कल होती ती फक्त त्यांच्या बायकोला, अनुसयावहिनींना. अक्षरओळख नव्हती, पण मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांना लगेच समजलं. एका रविवारी त्यांनी मटण आणलंच नाही. जवसाच्या तेलाला हात न लावता डब्यातल्या दोन चमचे तेलात दोडक्याची भाजी केली. ईश्वरदासांनी एक घास घेतला आणि ताट भिंतीवर भिरकावलं.

"औषध भाजीत टाकते काय वं? मले मारून राहिली तू!"

वहिनी खाली बसून फोडी वेचू लागल्या. मी हात धुऊन घरी आलो.

चार महिन्यांनी पुन्हा कळ आली. दवाखान्यात डॉक्टरांनी पथ्याचं विचारलं, तर खाटेवरून महाराज म्हणतात, "औषध एक दिवस चुकलो नाही, साहेब. एका दिवसाचं हिनं भाजीत घालून वाया घालवलं." धाप लागली होती, पण बायकोवर खापर फोडायला दम उरला होता. दुसऱ्या दिवशी गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी वहिनींकडे गेलो. मेलेल्या माणसाचा मला संताप येत होता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी ते भाजीत टाकलं नसतं, तं वाचले असते का गा ते?"

मी चिडून सांगितलं, की पत्रात तसंच तर लिहिलं होतं. साऱ्या चौकात तुम्ही एकट्याच शहाण्या निघालात.

त्यांनी विचारलं, "तुमाले मालूम होतं न? मंग दर रविवारी संगं जेवत होते, त्यायले काहून नाही सांगितलं?"

मी उठून चपला शोधू लागलो.