कोराडीची अश्विनी, रामदासपेठेची प्राची आणि मधलं नेट

टेनिसच्या रॅकेटला तार ओढून द्यायच्या कामाला आम्ही गटिंग म्हणतो. मी पंचवीस वर्षं तेच करतोय. या धंद्यात एक गंमत आहे. गिऱ्हाईक रॅकेट ठेवून जात नाही. तार ओढून होईपर्यंत समोर स्टुलावर बसतं आणि बडबडतं. त्यामुळे माझ्या दुकानात तारांपेक्षा किस्से जास्त साचलेत, आणि त्यातले निम्मे दोनच पोरींचे!

अश्विनी नागपूरजवळच्या कोराडीची. वडील तिथल्या वीज केंद्रात. लहानपणी रॅकेट पाठीला बांधून बसनं यायची. प्राची शहरातल्या रामदासपेठेची, डॉक्टरांची मुलगी. आज दोघीही देशातल्या वरच्या नंबरांत खेळतात. फरक एवढाच, की दोघी समोरासमोर आल्या की अश्विनी जिंकायची. दहा वर्षांत प्राचीनं तिला एकदाही हरवलेलं नव्हतं. बाकी जगाला हरवून यायची, हिच्यासमोर मात्र हरायची. प्राचीला ट्रॉफ्यांचं काही नव्हतं. तिला फक्त अश्विनीला एकदा हरवायचं होतं.

* * *

तार किती घट्ट ओढायची, म्हणजे किती पाउंडाच्या ताणावर, हे प्रत्येक खेळाडूचं गुपित. एकदा प्राची हळूच म्हणाली, "काका, तिचं किती पाउंडावर आहे?"

मी म्हटलं, "डॉक्टरची पोरगी ना तू? एका पेशंटचं दुसऱ्याले सांगतात का?"

संध्याकाळी अश्विनी हजर. "काका, तिनं माझं विचारलं का?"

"विचारलं. मी सांगितलं नाही."

"तरी दोन पाउंड वाढवा!"

दुसऱ्या दिवशी प्राची आली, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "वाढवलं वाटते तिनं. माझंही वाढवा!"

असं करत करत दोघींच्या रॅकेटा पाटासारख्या कडक झाल्या. महिन्याभरात दोघींचे कोपर धरले. रामदासपेठेत एकाच फिजिओकडे, एकाच बाकावर, एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. तिथली नर्स म्हणाली, "बहिणी बहिणी आहात का? भांडण झालं वाटते."

* * *

एका फायनलच्या सकाळी दोघी नाश्त्याला एकाच टपरीवर भेटल्या. अश्विनीनं पोह्यांवर वाटीभर तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, घेतली. प्राचीनं दोन वाट्या घेतल्या. अश्विनीनं तिसरी मागवली. टपरीवाला घाबरला. "ताई, आज जरा तिखट झाली आहे..." ऐकतंय कोण!

दुसऱ्या सेटमध्ये दोघींनी एकदमच टॉयलेट ब्रेक मागितला. बाथरूम एकच. कोणीही मागं हटेना. शेवटी अंपायरनं नाणं काढलं.

प्राची तो टॉससुद्धा हरली!

* * *

प्राचीच्या आईनं सोमवार धरले. लेकीनं एकदा तरी अश्विनीला हरवावं म्हणून! आणि गंमत बघा, उपासाची साबुदाण्याची खिचडी खायला दर सोमवारी अश्विनीच घरी हजर. एकदा खाता खाता म्हणाली, "काकू, माझ्या आईनंही सोमवारच धरले आहेत बरं का."

काकू चमचा हातात धरून थांबल्या. "मग महादेवानं ऐकावं तरी कोणाचं वं?"

"रँकिंग पाहून ऐकेल ना!"

* * *

मग अश्विनीचा गुडघा गेला. आठ महिने घरी. प्राचीला रान मोकळं. लागोपाठ तीन ट्रॉफ्या आणल्या. तिसरी घेऊन थेट दुकानात आली, ती स्टुलावर ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसली. "काका, ती नसली की जिंकल्यासारखंच वाटत नाही."

दर रविवारी कोराडीला जायची. अश्विनी पलंगावर पडलेली. प्राची तिच्या हातात बॉल कोंबायची. "ऊठ वं! तुले हरवल्याबिगर मी रिटायर होत नाही. माझं लग्न अडून राहिलं तुझ्यापायी!"

हे मला अश्विनीच्या आईनं सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या.

* * *

अश्विनी परतली, आणि त्याच मोसमात नागपूरला दोघींची फायनल लागली. मातीचं कोर्ट, दुपारचं ऊन, गॅलरीत दोघींच्या आया शेजारी शेजारी. तिसऱ्या सेटमध्ये प्राचीला मॅच पॉइंट, म्हणजे हा एक पॉइंट घेतला की जिंकली. मी मागच्या रांगेत उठून उभा राहिलो. प्राचीनं जीव खाऊन फोरहँड मारला. बॉल पलीकडच्या लाइनजवळ पडला. लाइन्समन ओरडला, "आऊट!"

प्राची मान खाली घालून पुढच्या पॉइंटला वळली. अश्विनी मात्र मातीवर उठलेल्या बॉलच्या खुणेकडे बघत उभी. मग चालत नेटजवळ आली आणि हात पुढे केला.

"काय करून राहिली वं? खेळ ना," प्राची म्हणाली.

"बॉल आत होता. तू जिंकली."

"आऊट दिला त्यानं!"

"त्याले काय दिसते तिकडून? मी बाजूलेच उभी होती."

खुर्चीतून अंपायर म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध अपील करताय का?"

प्राचीचा आवाज फाटला. "मले दया नको! दहा वर्षं हरली, आणखी एकदा हरीन!"

"दया? तुझ्यावर? अवं, बॉल केसभर बाहेर असता ना, तर मी मेली असती पण पॉइंट सोडला नसता!"

 प्राची नेटला वळसा घालून पलीकडे गेली आणि खुणेजवळ गुडघ्यावर बसली. शेजारी अश्विनी. अंपायरही खुर्चीतून उतरून वाकला. मातीच्या त्या टिकलीवर तीन डोकी!

बराच वेळ पाहून प्राची पुटपुटली, "लाइनले थोडासाच टेकला आहे वं."

"टेकला म्हणजे आत! इतकी वर्षं खेळून राहिली, एवढं माहीत नाही? हात मिळव आता, ऊन लागून राहिलं मले!"